पहिल्यांदा घर भाड्याने देताय? आधी भाडेकरूचा जुना मालक शोधा

प्रश्न असा आहे: "मुलुंड पूर्वेला आमचा वन बीएचके आहे. मिस्टर गेल्यानंतर मी पुण्याला मुलाकडे राहायला आले. घर पहिल्यांदाच भाड्याने देतेय. भाडं ३२ हजार, डिपॉझिट एक लाख सांगितलंय. तीन जण तयार आहेत. एक गृहस्थ घर न बघताच ३६ हजार द्यायला आणि सहा महिन्यांचं भाडं आगाऊ भरायला तयार आहेत, फक्त चावी शनिवारी हवी. दुसरे ऐरोलीत आयटीत काम करणारे तीन मुलगे. सेक्रेटरी म्हणतात बॅचलर नकोत. तिसरे नवरा-बायको आणि सातवीतली मुलगी, डोंबिवलीहून येणार. त्यांचा साउंड सिस्टिम भाड्याने देण्याचा धंदा आहे, त्यामुळे पगाराची स्लिप नाही. एजंट म्हणतो पहिल्याला देऊन टाका. मी कोणाला देऊ आणि माणूस तपासायचा कसा?"

ताई, पहिल्याला देऊ नका. बाकीचं उत्तर लांबणार आहे, पण एवढं आत्ताच सांगून ठेवतो, कारण शनिवार जवळ आलाय.

मी मुलुंड-भांडुप पट्ट्यात बावीस वर्षं भाड्याच्या घरांचं काम करतोय. म्हणजे मीही एजंटच. तेव्हा आमच्या जातीचं गणित आधी सांगतो. आम्हाला एका महिन्याचं भाडं ब्रोकरेज म्हणून मिळतं, तेही करार झाला की एकदाच. भाडेकरूने सातव्या महिन्यात भाडं थकवलं तर आमच्या खिशातून काही जात नाही. ३६ हजारांचा माणूस आला तर आमचे चार हजार वाढतात. तुमचा एजंट खोटारडा आहे असं मी म्हणत नाही, पण तपासणी हे त्याचं काम नाही. ते तुमचंच.

पहिल्या गृहस्थांबद्दल खटकतं ते जास्त पैशांचं नाही. गरजू माणूस दोन हजार जास्त देतोही. पण ज्याला स्वतः राहायचंय तो घर बघतो. पाणी किती वाजता येतं, स्टेशन किती लांब, सकाळचं ऊन कुठल्या खोलीत, हे विचारतो. बायको असेल तर ती आधी ओटा बघते, मग नळ सोडून पाण्याचा जोर बघते. न बघता सहा महिन्यांचे पैसे टाकणाऱ्याला घरात राहायचं नसतं, त्याला घराची चावी हवी असते. चावीचं काय करतात ते मी स्वतःच्या चुकीतून शिकलो.

२०१३ ची गोष्ट. भांडुपचा फ्लॅट, मालक मस्कतला. भाडेकरू मीच आणून दिला होता. आधार, पॅन, पगाराची स्लिप, सगळं व्यवस्थित. चार महिने भाडं पाच तारखेच्या आत यायचं. गणपतीत मालकांचे भाऊ प्रसाद द्यायला गेले, तर दार एका म्हाताऱ्या आजींनी उघडलं आणि विचारलं, "आपण कोण?" भाऊ म्हणाले, घर आमचं आहे. आजी म्हणाल्या, घर तर आम्ही घेतलंय, सात लाख हेवी डिपॉझिट देऊन (म्हणजे दरमहा भाड्याऐवजी एकरकमी मोठं डिपॉझिट). आमच्या भाडेकरूने स्वतःला मालक म्हणवून त्या कुटुंबाला नोटरीच्या कागदावर घर दिलं होतं, सात लाख उचलले होते आणि दर महिन्याला त्यातलेच अठरा हजार आमच्या मालकाला भाडं म्हणून पाठवत होता. पाचव्या महिन्यात तो गायब झाला. आजींचं कुटुंब बिचारं सरळ होतं, त्यांचे आयुष्यभराचे पैसे गेले होते. ते तरी कुठे जाणार? घर रिकामं व्हायला आठ महिने लागले.

त्या माणसाच्या फॉर्मवर आधीच्या मालकाचा मोबाइल नंबर होता. मी तो लावला नव्हता. सगळं उघडकीला आल्यावर लावला, तर तो नंबर अस्तित्वातच नव्हता.

तेव्हापासून माझा क्रम उलटा झालाय. लोक आधी आधार बघतात, मग नोकरी, मग पोलीस व्हेरिफिकेशन, आणि जुन्या मालकाला फोन करायचं राहून जातं. मी सुरुवातच तिथून करतो. आधार माणूस कोण ते सांगतं, स्लिप तो किती कमावतो ते सांगते. तो भाडं कसं देतो आणि घर कसं सोडतो, हे मात्र फक्त ज्याच्या घरात तो राहून गेलाय त्यालाच ठाऊक असतं.

यात दोन अडचणी येतात. पहिली, आत्ताचा मालक खरं बोलेलच असं नाही. त्याला माणूस घालवायचा असेल तर तो तोंड भरून कौतुक करेल. म्हणून त्याच्याही आधीचा मालक गाठायचा. त्याला आता ना देणं ना घेणं, तो मोकळेपणाने बोलतो. दुसरी अडचण, दिलेला नंबर खरंच मालकाचा कशावरून? मित्राचा, मेहुण्याचा असू शकतो. यावर महाराष्ट्रात एक सोपा उपाय आहे, आणि तो फार थोडे मालक वापरतात. आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाड्याचा करार, लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदणी झाली की इंडेक्स टू तयार होतो, त्यावर देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव, पत्ता, मुदत, भाडं सगळं असतं. भाडेकरूकडे आधीच्या घराचा इंडेक्स टू मागायचा. त्यावरचं मालकाचं नाव आणि फोनवरचा माणूस एकच आहे का ते बघायचं. ज्याने आजवर सगळे करार नीट केलेत त्याला हा कागद व्हॉट्सॲपवर पाठवायला पाच मिनिटं लागतात. "आमचं तोंडीच होतं" म्हणणारे सगळे लबाड नसतात, पण तिथे मी चौकशी दुप्पट करतो.

आता फोनवर काय विचारायचं. "माणसं कशी होती?" असं विचारलंत तर "चांगली होती" एवढंच ऐकायला मिळेल. मी विचारतो, "डिपॉझिटमधून किती कापलेत, आणि कशाचे?" हा आकडा कोणी उगाच बनवून सांगत नाही. "काही नाही, उलट रंगाचे पैसे त्यांनीच दिले" असं कोणी म्हटलं तर बाकीचे प्रश्न मी गाळतो. "चौदा हजार कापले, विजेचं बिल तीन महिने भरलंच नव्हतं" असं आलं तर तेही पुरतं. शंका असेल तर एक खोडी करतो. मुद्दाम चुकीचं भाडं बोलतो: "अकरा हजारांत राहिले ना तुमच्याकडे?" खरा मालक लगेच चिडतो, "छे हो, साडेसोळा होतं!" मेहुणा मात्र "हो हो" म्हणून मोकळा होतो.

मग विजेचं बिल. मुलुंड आणि डोंबिवली दोन्हीकडे महावितरणच. आत्ताच्या घराची वर्षभराची बिलं मागा. त्यात थकबाकीचा रकाना असतो. एखादा महिना सगळ्यांचाच चुकतो. दर दुसऱ्या बिलावर थकबाकी दिसत असेल तर तुमच्या भाड्याचंही तेच होणार. वीजवाले निदान मीटर तोडायची नोटीस पाठवतात, तुमच्या हातात तेही नाही.

आता तुमच्या तिसऱ्या कुटुंबाकडे येऊ, कारण मला वाटतं तुमचं मन तिकडे आहे आणि स्लिप नाही म्हणून अडतंय. पगाराची स्लिप हा फार मोठा पुरावा नाही, ती तर कुणीही दुकानात बसून छापून आणतो. नोकरदाराकडून मी पीएफचं पासबुक मागतो. त्यात कंपनीचं नाव आणि दर महिन्याची जमा दोन्ही दिसतात. धंदेवाल्यासाठी वेगळं बघायचं. जीएसटी नंबर असेल तर जीएसटीच्या पोर्टलवर तो कुणालाही शोधता येतो, लॉगिन लागत नाही. धंद्याचं नाव, नोंदणी चालू आहे की रद्द, रिटर्न भरलेत की नाही, सगळं तिथे कळतं. नंबर नसेल तर लगेच नाक मुरडू नका. छोट्या सेवेच्या धंद्याला वर्षाला वीस लाखांपर्यंत उलाढाल असेल तर साधारणपणे नोंदणी लागत नाही. अशा वेळी गेल्या दोन वर्षांचं आयकर रिटर्न आणि २६ एएस, म्हणजे कुणी किती कर कापला त्याची आयकर खात्याकडची नोंद, बघायचं. ते त्यांनी स्वतःच्या फोनवर आयकर पोर्टल उघडून दाखवलं तर उत्तम, पीडीएफ नको. साउंडवाल्यांना इव्हेंट कंपन्या टीडीएस कापून पैसे देतात, तो २६ एएसमध्ये ओळीने दिसतो.

बँक स्टेटमेंटमध्ये लोक शिल्लक बघतात. मी बघत नाही. शिल्लक आदल्या दिवशी भावाकडून मागवता येते. मी दोनच गोष्टी शोधतो: आत्ताच्या घराचं भाडं दर महिन्याला कोणत्या तारखेला जातंय, आणि हप्ता परत गेल्याचा दंड कुठे लागलाय का. सहा महिन्यांत दोनदा हप्ता बाउन्स झाला असेल तर मी पुढे जात नाही. साउंडच्या धंद्याला एक खोच आहे, तीही लक्षात ठेवा. गणपती, नवरात्र आणि लग्नसराई यांत पैसा येतो, पावसाळ्याचे पहिले दोन महिने कोरडे जातात. म्हणून जून-जुलैचं स्टेटमेंट मुद्दाम मागा. त्या महिन्यांत जुन्या घराचं भाडं वेळेवर गेलं असेल तर हा माणूस पैसे साठवून ठेवणारा आहे. मला असा माणूस महिन्याला लाख कमावून पंचवीस तारखेला रिकामा होणाऱ्या नोकरदारापेक्षा बरा वाटतो. भाडं हातात येणाऱ्या पैशाच्या तिसऱ्या हिश्शात बसावं असं पूर्वी म्हणायचे. मुंबईत ते गणित कधीच मोडलं, चाळीस टक्क्यांपर्यंत मी चालवून घेतो.

ते आत्ता राहतात ते घर बघता आलं तर बघून घ्या. तुम्ही पुण्यात आहात, कुणा नातेवाइकाला पाठवा. "कागद न्यायला आम्हीच येतो" एवढं म्हटलं की पुरतं. गेल्या वर्षी मी असाच एका जोडप्याकडे गेलो होतो. बाथरूमचा नळ गळत होता, खाली बादली, बादलीतलं पाणी खिडकीतल्या तुळशीला. सहज विचारलं, मालकांना कळवलं का? नवऱ्याने फोन काढून दाखवला: चार मेसेज, तारखांसकट, प्रत्येकात फोटो, शेवटच्यात "तुमची हरकत नसेल तर मी प्लंबर बोलावतो, बिल पाठवतो." उत्तर एकाचंही नव्हतं. मी त्याच संध्याकाळी मालकीणबाईंना फोन करून सांगितलं, यांना द्या. भिंतीला ओल आली तर ज्याच्याकडून पहिल्या दिवशी कळेल, असा भाडेकरू मिळणं म्हणजे अर्धी दुरुस्ती वाचली.

मुलग्यांचं काय? सेक्रेटरींच्या "बॅचलर नकोत"मध्ये कायदा कमी आणि सवय जास्त असते. घर भाड्याने दिल्याचं सोसायटीला कळवायचं, कराराची प्रत द्यायची आणि बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याचं शुल्क, भरायचं, एवढं तुमचं कर्तव्य. ते शुल्कही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त लावता येत नाही, २००१ चा शासन आदेश आहे. सेक्रेटरींना नम्रपणे म्हणा, "तुमचा नकार लेखी द्या, म्हणजे मी मुलाला दाखवते." लेखी नकार माझ्या हाती तरी अजून पडलेला नाही. तीन पगार म्हणजे एकाची नोकरी गेली तरी भाडं येत राहतं, या दृष्टीने मुलगे वाईट नाहीत. धोका वेगळाच असतो. चार महिन्यांनी एक निघून जातो, त्याच्या जागी चुलतभाऊ येतो, मग चुलतभावाचा मित्र, आणि वर्षाच्या शेवटी करारावर नाव असलेला एकही जण घरात नसतो. म्हणून तिघांचीही नावं करारात हवीत, फक्त एकाचं नको. कुणी बदलला तर नवा करार, हे त्यांना आधीच तोंडावर सांगा. जुना मालक त्यांनाही लागू, आणि मालक नसेल तर पीजीवाल्या काकू. काकूंना सगळं माहीत असतं.

एक विषय आहे, ज्यावर आमच्या धंद्यात कुणी मोठ्याने बोलत नाही. "आडनाव काय?" आणि "खाणं काय?" हे दोन प्रश्न विचारून बरेच मालक तपासणी झाली असं समजतात. बावीस वर्षांत मी शुद्ध शाकाहारी माणसाला पाच महिने भाडं बुडवताना बघितलंय, आणि ज्या कुटुंबाला तीन सोसायट्यांनी आडनावावरून परत पाठवलं त्यांनी घर सोडताना ओटा घासून, नळ बदलून चावी दिल्याचंही बघितलंय. बोंबलाच्या वासाने भिंत खराब होत नाही, ती गळक्या पाइपाने होते. तुमचं घर आहे, निर्णय तुमचा. पण त्या दोन प्रश्नांच्या उत्तरावरून भाडं वेळेवर येईल की नाही याचा काडीचाही अंदाज येत नाही.

कागदांचं थोडक्यात. आधारची झेरॉक्स बघून समाधान मानू नका, त्यावरचा क्यूआर कोड आधारच्या सरकारी ॲपने स्कॅन करा, फोटो आणि नाव जुळतं का बघा. तुमच्याकडे ठेवायला मास्क्ड आधार (नंबराचे शेवटचे चारच आकडे दिसणारा) घ्या, पूर्ण नंबर जवळ बाळगायची गरज नाही. सिबिल रिपोर्ट, म्हणजे कर्जफेडीचा इतिहास, तुम्हाला परस्पर काढता येत नाही, पण भाडेकरूला वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो त्याला मागता येतो. मी मोठ्या भाड्यालाच मागतो, ३२ हजारांच्या घराला नाही मागितला तरी चालेल.

भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं हे तुमचं काम आहे, भाडेकरूचं नव्हे. मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावरून ते घरबसल्या होतं. न दिल्यास मालकावर आदेशभंगाचा गुन्हा दाखल होऊ शकतो, पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम १८८ लागायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं २२३. मात्र "पोलीस व्हेरिफिकेशन झालंय, आता काळजी नाही" या समजात राहू नका. ती तुम्ही दिलेली माहिती आहे, पोलिसांनी दिलेलं चारित्र्याचं प्रमाणपत्र नव्हे. माझ्या भांडुपच्या सद्गृहस्थांचंही झालं होतं.

करार ऑनलाइन नोंदवा. दोन्ही बाजूंचे अंगठे आधारशी जुळवून घेतात, त्यामुळे दुसऱ्याच्या आधारवर घर घ्यायला आलेला इथे अडकतो. तुमचा अंगठा पुण्यात तुमच्या घरी येऊन घेता येतो. अकरा महिन्यांच्या तुमच्या कराराला मुद्रांक शुल्क साधारण ९०० रुपये आणि नोंदणी फी १,००० रुपये. एवढ्यासाठी कुणी नोटरी सुचवली तर ऐकू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, आणि ती न केल्यास वादात, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. करार नीट असेल तर मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याविरुद्ध कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि जादा राहिलेल्या दिवसांचे दुप्पट दराने पैसे मागता येतात. तरी महिने जातातच. तुमचं डिपॉझिट एक लाख, भाडं ३२ हजार. म्हणजे तीन भाडी चुकली की ९६ हजार गेले, आणि दुरुस्तीला उरले चार. पहिलं भाडं चुकलं त्याच आठवड्यात लेखी विचारा. "जाऊ दे, देतील" म्हणत तिसरा महिना येऊ देऊ नका.

तपासणी व्हायच्या आधी कुणाचंही टोकन घेऊ नका. पाच हजार घेतले की आपल्यालाच नाही म्हणायला जड जातं, आणि समोरच्याला ते ठाऊक असतं. "मी लष्करात आहे, डिपॉझिट पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन करा" असा फोन आला तर ठेवून द्या. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही.

तर आजच पहिल्या गृहस्थांना कळवा की त्यांनी स्वतः येऊन घर बघितल्याशिवाय आणि आधीच्या घराचा इंडेक्स टू दिल्याशिवाय देता येणार नाही, शनिवारी चावीही मिळणार नाही. बहुतेक पुन्हा फोन येणार नाही. डोंबिवलीच्या कुटुंबाकडे आत्ताच्या आणि त्याआधीच्या, अशा दोन्ही घरांचे करार मागा. त्याआधीच्या मालकांना रविवारी सकाळी दहानंतर फोन लावा, तेव्हा लोक निवांत बोलतात. कापलेल्या डिपॉझिटचा आकडा कळला की इथेच खाली लिहा, मग मुलग्यांना हो म्हणायचं की नाही ते बघू. त्यांना तोवर थांबवून ठेवा, तेही घर शोधतायत, तेव्हा बुधवारपर्यंत कळवते असं स्पष्ट सांगा.